जुन्या झेनचा ब्रेक बूस्टर बदलायचाय: घरी करावं की गॅरेजला द्यावं?

सातारकर_झेन

नमस्कार मंडळी,

घरी १९९८ ची मारुती झेन आहे. वडिलांनी नवी घेतलेली, आणि अजून रोजच्या वापरात आहे. हल्ली तिचं ब्रेक पॅडल फार कडक झालंय. ब्रेक लागतो, पण पाय रोवून दाबावा लागतो. ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्डच्या खालून ‘स्स्स’ असा हवा सुटल्यासारखा आवाज येतो आणि सिग्नलला उभं असताना इंजिनची रेस खाली-वर होते. यवतेश्वरचा घाट उतरताना आई शेजारी असली तर मला घाम फुटतो, इतकं सांगितलं म्हणजे पुरे.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने पाच मिनिटांत सांगितलं, बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) गेलाय, मास्टर सिलिंडरसकट (पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) सगळं बदला. दुसरा म्हणाला, जुन्या गाडीला ब्रेक असेच असतात, पॅड बदलू. पुढचे पॅड आणि मागचे लायनर दिवाळीआधीच नवे टाकलेत.

हत्यारं घरी आहेत, थोडीफार सवय आहे. क्लच केबल, रेडिएटर, स्टार्टर असली कामं केलीत. ब्रेकला मात्र आजवर हात लावलेला नाही. बूस्टर खरंच गेलाय हे नक्की कसं ठरवायचं? आणि काढून बसवणं घरी जमण्यासारखं आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

घाटवाट

‘जुन्या गाडीला ब्रेक असेच असतात’ म्हणणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका. बाकी सवडीने लिहितो.

उद्यमनगरकर

दादा, पाना हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. एकालाही पैसे पडत नाहीत.

इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पॅडल दगड होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. बूस्टर शाबूत असेल तर पॅडल पायाखाली थोडं खाली जातं. जागचं हललंच नाही तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा पोचून टिकत नाही.

दुसरं, इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि ब्रेक सावकाश दाबत जा. पहिल्यांदा पॅडल खोल जायला पाहिजे, मग दर वेळी जरा वर थांबायला पाहिजे. पहिल्या दाबालाच कडक लागलं तर हवा कुठूनतरी आत शिरतीय.

तिसरं, इंजिन चालू असताना ब्रेक दाबून ठेवा, तसंच इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट पाय हलवू नका. पॅडल पायाला वर ढकलायला लागलं तर आत गळती आहे.

तुमच्या गाडीत आवाज केबिनमधून येतोय आणि रेस पण हलतीय, त्यामुळं डायफ्राम (बूस्टरमधला रबरी पडदा) नाहीतर मागचं सील यावर माझा संशय जास्त. पण आधी पाईप आणि चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) बघा. इनटेक मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडून) बूस्टरला येणारा जाड रबरी पाईप काढून तोंडाने फुंका. हवा बूस्टरकडून इंजिनकडे गेली पाहिजे, उलटी अजिबात नाही. दोन्हीकडून जात असेल तर व्हॉल्व्ह गेलाय आणि काम शंभर-दोनशेत मिटतंय.

पेट्रोलपुराण

पाईपाच्या मुद्द्याला +१. आमच्या ओम्नीला गॅस किट बसवताना कुणीतरी व्हॅक्यूमची टी (तीन तोंडांचा जोड) थेट बूस्टरच्या पाईपात मारली होती. पुढे किट काढलं, टी तशीच राहिली, तिच्या तोंडाला नुसती टेप. टेप उन्हाने सुटली आणि ब्रेक कडक झाला. दोन मिस्त्री ‘बूस्टर, बूस्टर’ करत होते. अखंड नवा पाईप टाकला आणि विषय संपला.

सातारकर, तुमच्या गाडीला कधी गॅस किट होतं का?

सातारकर_झेन

नाही, पहिल्यापासून पेट्रोलवरच आहे. उद्या सकाळी तिन्ही चाचण्या करून लिहितो.

अनघा_जो

बूस्टर करतो काय, याचा हिशेब मांडते. तो कळला की एवढ्याशा गळतीने एवढा फरक का पडतो ते समजतं.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. मधोमध रबरी डायफ्राम, त्याने दोन कप्पे होतात. पाय उचललेला असतो तेव्हा दोन्ही कप्प्यांत इंजिनने ओढलेला व्हॅक्यूम असतो. पाय दाबला की एक झडप उघडते आणि केबिनकडच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढच्या कप्प्यात व्हॅक्यूम, मागे हवेचा दाब. डायफ्राम पुढे ढकलला जातो आणि त्याची दांडी मास्टर सिलिंडरचा पिस्टन दाबते.

आकडे बघा. डायफ्रामचा व्यास २० सेंमी धरला तर क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंमी. पेट्रोल इंजिनाचा आयडलिंगचा व्यवस्थित व्हॅक्यूम ४५० ते ५०० मिलिमीटर पारा. ५०० धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६८ किलो, म्हणजे एकूण दोनशे किलोच्या वर जोर. हा जोर तुमच्या पायाच्या जोडीला असतो. तो गेला की सगळं काम एकट्या पायावर येतं. ब्रेक निकामी झालेले नसतात, मदतनीस गेलेला असतो.

१९२७ मध्ये आल्बेर देवांद्र या बेल्जियन इंजिनिअरने ही कल्पना मांडली आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या पिअर्स-अॅरो गाड्यांत ती आली. तत्त्व आजही तेच आहे.

नाना_पद्मिनी

आमच्या पद्मिनीला बूस्टर नव्हताच. चारही ड्रम, आणि ब्रेक म्हणजे मांडीचा व्यायाम. पण त्या गाडीची चालच वेगळी होती. आपण पुढच्या वळणाच्या आधीचं वळण घेतानाच ब्रेकचा विचार करायचो. आताच्या पोरांना बोटाने दाबला की ब्रेक लागायला हवा.

घाटवाट

नानाकाका, आदर ठेवून असहमत. पद्मिनीचे ब्रेक बूस्टरशिवाय चालावेत असे बनवले होते. डिस्क ब्रेकला ड्रमसारखी स्वतःहून आवळण्याची मदत मिळत नाही, म्हणून तिथे जास्त जोर लागतो आणि म्हणून बूस्टर. झेनचा सगळा हिशेब बूस्टर धरूनच आहे. तो गेलेला असताना ‘पूर्वी चालवायचोच की’ म्हणत गाडी घाटात घालणं धोक्याचं आहे.

आणि विषय निघालाच आहे तर एक तळमळीने सांगतो. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. चौथ्या वळणावर पॅडल दगड. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पाय अॅक्सिलरेटरवरून उचललेला असतो तेव्हा उलट व्हॅक्यूम सर्वात जास्त मिळतो.

मीरा_नागपूर

आमच्याकडे घाट नाही जी, पण सासऱ्यांना उड्डाणपूल उतरताना गाडी न्यूट्रल करायची सवय आहे. हा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. इंजिन बंद तर करत नाही ना, असं म्हणून ते जिंकले.

अनघा_जो

मीरा, इंजिन चालू असेल तर बूस्टर चालतो, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर. पण न्यूट्रलमध्ये इंजिनची रोधशक्ती मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड आणि ऑइल तापतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० च्या आसपास. उकळलं की पॅडल मऊ होऊन खाली जातं, आणि ते कडक पॅडलपेक्षा वाईट. सासऱ्यांना सांगा, दुसरी फेरी माझी!

सातारकर_झेन

चाचण्या केल्या. पहिलीत पॅडल जागचं हललं नाही. दुसरीत पहिल्या दाबालाच कडक. तिसरीत अर्ध्या मिनिटाच्या आतच पाय वर ढकलला गेला. पाईपाला चिरा नाहीत, व्हॉल्व्ह एकाच दिशेने फुंकर घेतो.

एक नवी गोष्ट लक्षात आली. ब्रेक ऑइलची डबी किमान रेषेच्या खाली होती. चारही चाकं आतून बघितली, कुठेही ओल नाही. मग हे ऑइल गेलं कुठे?

उद्यमनगरकर

सापडलं. दादा, तुमचं ऑइल बूस्टरमध्ये गेलंय.

मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाला जे सील असतं ते झिजलं की ऑइल बाहेर न दिसता सरळ बूस्टरच्या पोटात उतरतं. तिथं ते रबर फुगवतं, डायफ्राम खराब करतं. जास्त साठलं तर व्हॅक्यूमच्या पाईपातून इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन खोलतात.

खात्री करायची तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट ढिले करून तो बोटभर पुढे ओढा आणि मागच्या बाजूला स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. कोरडं निघालं पाहिजे.

त्यामुळं पहिला गॅरेजवाला ‘सगळं बदला’ म्हणाला ते तुमच्या बाबतीत खरं ठरतंय. नुसता बूस्टर बदलून जुना मास्टर सिलिंडर परत लावला तर वर्षभरात नवा बूस्टर पण जाणार.

सातारकर_झेन

फडकं फिरवलं. ओलं, आणि काळपट. बूस्टरच्या खालचा पत्राही रंग सुटून गंजलाय.

म्हणजे दोन्ही बदलायचं ठरलं. आता घरी करू का?

विनायक_ठाणे

माझं मत स्पष्ट आहे: करू नका. क्लच केबल चुकली तर गाडी थांबते. ब्रेक चुकला तर गाडी थांबत नाही. एक दिवसाची मजुरी वाचवून रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव पणाला लावण्यात काय अर्थ? चांगला मिस्त्री शोधा, शेजारी उभे राहून करून घ्या.

रेडवुडसिटीकर

विनायक, काळजी पटते, पण निष्कर्ष पटत नाही. मी इथे कॅलिफोर्नियात जुन्या कोरोलाचा बूस्टर गराजमध्ये बदलला. इथे मजुरी गाडीच्या किमतीएवढी होते, म्हणून जुनी गाडी ठेवणारे बरेच जण शिकून घेतात. दुकानात दुरुस्त केलेला बूस्टर मिळतो, जुना परत दिला की अनामत रक्कम परत मिळते. काम अवघड नाही, अडचणीच्या जागेतलं आहे. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून मान वाकडी करायची तयारी हवी.

घाईत काम करणाऱ्या माणसापेक्षा वेळ देऊन मोजमाप घेणारा मालक मला जास्त भरवशाचा वाटतो. फक्त शेवटची तपासणी दुसऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावी.

विनायक_ठाणे

शेवटच्या वाक्यावर तडजोड मान्य.

कोकणी_हापा

भंगारातून घेतला तर? कुर्ल्याला झेनचे बूस्टर पडलेले असतात म्हणे.

उद्यमनगरकर

घेऊ नका. दार, काच, बंपर भंगारातून घ्या. बूस्टरमधलं रबर तुमच्या गाडीएवढंच म्हातारं असणार, आणि वरून बघून काही कळत नाही. जुना उघडून रबर बदलायच्या भानगडीत तर पडूच नका. डब्याचे दोन भाग दाबून बसवलेले असतात आणि आत मोठी स्प्रिंग असते.

नवा घ्या. पुण्यात नाना पेठेत जुन्या मारुतीचं बरंच मिळतं. जाताना जुना मास्टर सिलिंडर बरोबर न्या किंवा चारी बाजूंनी फोटो न्या. एकाच नावाच्या गाडीत मॉडेलनुसार फरक असतो.

आता काढण्याबद्दल सविस्तर, कारण नट सोडायला दोन तास पण अक्कल लागते ती मापात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. डबीतलं ऑइल सिरिंजने ओढून घ्या. फेंडरवर आणि खाली जुनी चादर टाका, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, ते पाण्यात विरघळतं. मास्टर सिलिंडरच्या पाईपांचे नट १० चे असतात. त्यांना साधा फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल झाले की पाईपच नवा लागतो. पाईपाचा खाचेचा रिंग पाना मिळतो, तो आणा. सुटत नसेल तर आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा. पाईपांची तोंडं उघडी ठेवू नका, रबरी टोप्या घाला.

मग केबिनमध्ये. पॅडलला बूस्टरची दांडी एका आडव्या पिनने जोडलेली असते, तिची क्लिप काढा. आणि इथं थांबा. दांडीवरचा लॉकनट हलवायच्या आधी, बूस्टर पत्र्याला टेकतो तिथपासून पिनच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नव्या बूस्टरला तेच ठेवायचं. त्यानंतर पत्र्यातून आत आलेल्या बोल्टांचे चार नट, १२ चे. खालचे दोन सहज येतात. वरचे दोन पॅडलच्या ब्रॅकेटमागे लपलेले असतात, त्याला लांब एक्स्टेंशन, वळणारा सांधा आणि १२ ची गोटी (सॉकेट). हे नट सुटले की बॉनेटकडून बूस्टर तिरका करून बाहेर.

बसवताना मधलं गॅस्केट विसरू नका. ते नसलं तर पावसाळ्यात पाणी सरळ तुमच्या पायावर. पत्रा गंजलाय म्हणताय, तर आत्ताच घासून प्रायमर आणि रंग मारून घ्या. परत तिथं हात पोचणार नाही.

अनघा_जो

यात पुढच्या दांडीचं माप राहिलं, आणि मला वाटतं तेच सर्वात महत्त्वाचं.

बूस्टरच्या पुढच्या तोंडाला जी दांडी मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते, ती आणि पिस्टन यांच्यात किती जागा हवी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. जागा जास्त राहिली तर पॅडल आधी पोकळ जातं. दांडी लांब झाली तर पिस्टन कधीच पूर्ण मागे येत नाही. सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, पिस्टन मागे आल्यावर त्यातून ऑइल डबीत परततं. ते झाकलेलं राहिलं की तापून फुगलेल्या ऑइलला वाट नसते, दाब वाढतो आणि ब्रेक आपोआप धरायला लागतात.

पेट्रोलपुराण

हे माझ्या मामेभावाच्या गाडीत झालेलं! एका गॅरेजने बूस्टर बदलून दिला, दारातून बाहेर पडताना ब्रेक मस्त. पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी ओढेना, पुढच्या चाकांतून जळका वास, डिस्क लाल. थांबून गार झाली की परत ठीक. गॅरेजवाला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदला म्हणत होता.

एका म्हाताऱ्या मिस्त्रीने रस्त्यावरच निदान केलं. ब्रेक धरलेले असताना मास्टर सिलिंडरचे दोन नट दोन-तीन आटे ढिले केले, सिलिंडर जरा पुढे आला आणि चाकं मोकळी. म्हणाला, दांडी लांब आहे. कॅलिपरला हातही लावला नाही.

उद्यमनगरकर

ही खूण शंभर टक्के बरोबर. ताईंचे आभार, राहिलंच होतं. मोजायला खास गेज असतो, पण नसेल तर पोरांच्या मातीची, प्लॅस्टिसिनची, छोटी गोळी दांडीच्या टोकाला लावा, मास्टर सिलिंडर नीट आवळा, परत काढा. गोळी किती जाड उरली ती व्हर्नियरने मोजा. तेवढी जागा आहे. माती पुसून टाका, आत राहता कामा नये.

मीरा_नागपूर

वाचनखूण साठवली. गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला थांबवत नाहीये.

सातारकर_झेन

काम झालं! रविवारी सकाळी सुरू केलं, संध्याकाळ झाली.

मागचा एक पाईप अडून बसला होता, रात्रभर तेल मुरू दिल्याने सुटला. वरचा उजवा नट दिसतच नाही, फक्त हाताला लागतो. मुलीने मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी बोटांनी शोधला. जुना बूस्टर बाहेर काढून तिरपा केला तर पाईपाच्या भोकातून चहाच्या रंगाचं ऑइल ओघळलं. दोघेही बघत राहिलो.

पत्रा खरवडून रंगवला आणि त्याच्या वाळण्याच्या वेळात मापं घेतली. पॅडलकडची दांडी नव्या बूस्टरला जवळजवळ तीन मिमी लांब होती, जुन्या मापावर आणली. पुढच्या बाजूला मातीची गोळी अगदी कागदासारखी चपटी झाली, म्हणजे जागाच नव्हती. टोकाचा स्क्रू आत घेऊन मॅन्युअलमधल्या मापात बसवलं. अनघाताई, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर मामेभावाच्या गाडीसारखीच गत होती.

मास्टर सिलिंडर गाडीवर चढवायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली, मग चारही चाकांची. पॅडल वर आणि टणक आहे. इंजिन चालू केलं की पायाखाली सावकाश खाली जातं. आवाज गेला, रेस स्थिर झाली.

विनायकजींचं ऐकून सोमवारी ओळखीच्या मिस्त्रीला सगळं उघडून दाखवलं. त्याने ब्रेक लाइटचा स्विच किंचित सरकवायला लावला, कारण पॅडल सोडल्यावरही दिवा मंद पेटत होता. मग यवतेश्वरवर जाऊन आलो, खाली आल्यावर चारही चाकांना हात लावून बघितला. पुढची दोन्ही सारखीच कोमट.

विनायक_ठाणे

अभिनंदन. मिस्त्रीला दाखवलंत हे वाचून खरंच बरं वाटलं.

नाना_पद्मिनी

शाब्बास. मुलीला टॉर्च धरायला घेतलंत ते सगळ्यात आवडलं. पुढच्या वेळी पाना तिच्या हातात द्या, टॉर्च तुम्ही धरा.

कोकणी_हापा

थोडं अवांतर. आमच्या जुन्या डिझेल सुमोचं पॅडल पण सकाळी पहिल्यांदा कडक असतं, नंतर ठीक होतं. हेच कारण असेल का?

उद्यमनगरकर

डिझेलला इनटेकमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यासाठी वेगळा पंप असतो. जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो आणि त्याला इंजिन ऑइलचा बारीक पाईप येतो. त्यातली पाती झिजली की व्हॅक्यूम सावकाश भरतो. बूस्टर रात्रीत रिकामा होत असेल तर चेक व्हॉल्व्ह पण बघा. चालू इंजिनवर पंपाच्या तोंडाला गेज लावून आकडा घ्या, मगच बूस्टरकडे वळा. वेगळा धागा काढा, फोटो टाका, तिथं बोलू.

सातारकर दादा, पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी डबीतली पातळी बघा. आणि शंभरेक किलोमीटर झाले की पाईपांच्या सांध्यांवर एकदा कोरडं फडकं फिरवून घ्या.